आजींची पणजी

त्यांना चहा चालत नाही हे मला ठाऊक नव्हतं. पहिल्याच दिवशी आलं घालून, दूध आटवून मी चांगला दाट चहा केला आणि कुंपणातल्या फटीतून ट्रे सांभाळत शेजारच्या बंगल्यात गेले. भाद्रपदातली सकाळ होती. लोणावळ्याजवळ, आमच्या वलवणला त्या दिवसांत धुकं असं उतरतं की समोर धरण आहे हे आठवावं लागतं. पाणी दिसत नाही, त्याचा गारवा तेवढा अंगाला लागतो. त्या धुक्यात व्हरांड्यावर एक उंच, पांढऱ्या केसांची परदेशी बाई बसली होती. मांडीवर हात ठेवून ती समोरच्या काहीच न दिसण्याकडे पाहत होती.

तिचा मुलगा तळेगावकडच्या एका कारखान्यात दोन वर्षांच्या कामावर आला होता. बरोबर बायको, दोन मुलं आणि ही आई. मी ट्रे पुढे केला तशी तिनं दोन्ही हात छातीशी नेले आणि तोंड अपराध्यासारखं केलं. सून आतून धावत आली. म्हणाली, "माफ करा, आम्ही मॉर्मन आहोत."

मला वाटलं, आडनाव असावं. मग तिनं समजावून सांगितलं. ख्रिस्ती लोकांतलाच अमेरिकेतला तो एक पंथ. चहा नाही, कॉफी नाही, दारू तर नाहीच. मी ट्रे घेऊन परत आले. दारापुढच्या गवती चहाची चार पाती खुडली, गूळ घालून उकळली आणि पुन्हा फटीतून गेले.

"यात चहा फक्त नावात आहे," मी माझ्या शाळामास्तरणीच्या इंग्रजीत म्हटलं.

म्हातारी हसली आणि दोन कप प्यायली. गल्लीतली मुलं त्याच आठवड्यापासून तिला आजी म्हणायला लागली, मग मीही. माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठी असेल. मला तिनं नावानं हाक मारायला सांगितलं होतं, पण जीभ वळेना. ती मला बाई म्हणायची. माझे विद्यार्थी म्हणायचे तसं.

तीस वर्षं मी शिकवण्यात घालवली होती, शेवटची बरीचशी जवळच्या औंढ्याच्या शाळेत. निवृत्त झाले, नवरा गेला, मुलगा पुण्यात. सकाळचा वेळ सरता सरत नसे. तेव्हा आजींना मराठी शिकवाल का, असं सुनेनं विचारल्यावर मी लगेच हो म्हटलं. आजींचं म्हणणं सरळ होतं. दोन वर्षं इथे राहायचं आणि भाजीवालीशी दोन शब्द बोलता येऊ नयेत, हे त्यांना पटत नव्हतं.

मी पहिलीचं पुस्तक काढलं. कमळ, बदक, घर, छप्पर. आठवडाभर त्यांनी गुणी मुलीसारखं ते केलं. मग एक दिवस आतून कापडात गुंडाळलेली एक वही घेऊन आल्या.

"बाई, बदक पुरे," त्या म्हणाल्या. "ही माझी पणजी."

वही म्हणजे मूळ वहीची नक्कल होती. त्यांच्या पणजीनं म्हातारपणी आपल्या मुलीला जे सांगितलं, ते त्या मुलीनं लिहून ठेवलं होतं. आजींनी ते लहानपणापासून इतक्यांदा वाचलं होतं की पानं उघडावीच लागत नसत. त्यांनी ठरवलं होतं की पणजीची गोष्ट त्या मला मराठीत सांगणार आणि मी चुका काढणार.

आता एक अडचण होती. त्यांना अजून फक्त वर्तमानकाळ येत होता. झालं, गेलं, होतं यातलं काहीच मी शिकवलं नव्हतं. त्यामुळे दीडशे वर्षांपूर्वीची ती बाई आमच्या व्हरांड्यावर रोज सकाळी, अगदी आत्ता, जगायला लागली.

"माझी पणजी चौदा वर्षं आहे. तो डेन्मार्कमध्ये राहतो."

"ती राहते."

"ती राहते. तिचे बाबा जाळी विणते."

"विणतात."

"विणतात. समुद्र आहे. खूप थंड आहे. दोन माणसं येतात. ते नवा धर्म सांगतात. बाबा ऐकतात. आई ऐकते. पणजी दाराच्या मागे ऐकते."

त्या कुटुंबानं भर थंडीत समुद्रात उतरून दीक्षा घेतली. त्यानंतर शेजाऱ्यांनी त्यांची जाळी घ्यायचं बंद केलं, कुणीतरी खिडकीची काच फोडली. मग बापानं घर विकलं. बोटीवर कित्येक आठवडे, पुढे रेल्वेच्या गुरांच्या डब्यातून, आणि जिथे रेल्वे संपली तिथून पायी. बैल परवडत नव्हते म्हणून त्या लोकांना लाकडी गाड्या दिल्या होत्या, माणसांनी ओढायच्या. आपलं सगळं सामान त्यात घालून हजारभर मैल चालायचं, डोंगर ओलांडायचे आणि पलीकडे, मिठाच्या तळ्याकाठी, आपल्या माणसांचा मुलूख.

सामानाला मर्यादा होती. आईनं डेन्मार्कहून पिसांची गादी आणली होती, तिच्या लग्नातली. ती इथेच टाका, असं पुढारी म्हणाले. तिनं वाद घातला नाही. गादीची शिवण उसवली, पिसं मोकळी केली आणि रिकामी खोळ घडी करून गाडीत ठेवली.

"पिसं उडतात," आजी म्हणाल्या. "गवत खूप आहे. गवतावर पिसं उडतात. पणजी चालते, मागे बघते. पिसं उडतात."

त्यांनी हे सांगितलं तेव्हा धरणावरचं धुकं नेमकं वर सरकत होतं. पलीकडच्या काठावरचं गवत थोडं दिसलं, पुन्हा झाकलं गेलं. मला क्षणभर वाटलं, आत्ता त्या काठानं गाड्या ओढणारी माणसं दिसतील, डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका आणि मागे वळून बघणारी एक मुलगी. शाळेत मी पोरांना डोळे उघडे ठेवून स्वप्नं बघू नका म्हणायची. त्या सकाळी मी स्वतः तेच करत होते आणि ते मला आवडत होतं.

असे दिवस जात राहिले. आजी रोज थोडं चालायच्या, म्हणजे पणजी चालायची. नदी येई, ऊन येई, ओल्या लाकडाची ती गाडी उन्हानं तडकायला लागे.

एकदा आम्ही लोणावळ्याच्या बाजारात गेलो होतो. पूल उतरून जिथे चढ लागतो तिथे एक माणूस भाजक्या कणसांची हातगाडी लावून उभा होता. आजी थांबल्या. गाडीच्या दांड्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बाई, अशी. अशी गाडी."

मग त्या कणीसवाल्याला म्हणाल्या, "भाऊ, मी ढकलते?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "त्यांच्या पणजीनं अशी गाडी हजार मैल ओढली. त्यांना बघायचंय किती जड असते."

"ढकला की मावशी," तो म्हणाला आणि शेगडी धरून बाजूला झाला.

सत्तरी उलटून गेलेली ती बाई वाकली. गाडी आधी हलली नाही, मग हलली. आठ-दहा पावलं चढावर गेली. लोक बघत होते. मोबाइल बाहेर निघाले. आजींचं कुणाकडे लक्ष नव्हतं. थांबल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती आणि तळहात लाल झाले होते. कणीसवाल्यानं गाडीच्या चाकाला दगड लावला आणि त्यांना एक कणीस दिलं. ते त्यांनी घरापर्यंत तसंच हातात धरून आणलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बापाचा मृत्यू सांगितला. बर्फ लवकर पडला होता. एका गार नदीतून बापानं आधी बायकोला, मग धाकट्या मुलाला, मग गाडी पलीकडे नेली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तो उठला नाही. जमीन गोठलेली, खणता येईना. दगड रचून त्याला तिथेच ठेवलं.

"आता आई मागे ढकलते. पणजी पुढे आहे. बाबांच्या जागेवर." आजी थांबल्या. "भाऊ लहान आहे. तो गाडीत बसतो. तो विचारतो, बाबा कधी येतात?"

मी चूक काढली नाही. त्यात चूक नव्हतीच.

पुढे ती माणसं पोचली. गावातल्या एका बाईनं पणजीला हाताला धरून घरी नेलं आणि तिचे पाय कोमट पाण्यात ठेवले. पायाला गुंडाळलेल्या चिंध्या पाण्यात सुटेपर्यंत ती बाई तिथेच बसून राहिली. वर्षभरानं त्यांना दक्षिणेकडे पाठवलं, जिथे कुणीच राहत नव्हतं अशा कोरड्या खोऱ्यात. टेकडीच्या पोटात खणलेल्या भुयारात पहिला हिवाळा काढला. नदीवरून पाट खणला. दर वसंतात पाट फुटायचा आणि दर वसंतात सगळे मिळून तो पुन्हा खणायचे. हे सांगताना आजी धरणाकडे बोट दाखवत. इतकं पाणी पाहून पणजी काय म्हणाली असती, याचा त्यांना नेहमी प्रश्न पडे.

अठराव्या वर्षी पणजीचं लग्न झालं. नवरा सुतार, वयानं बराच मोठा. दोन मुलं झाली.

"घरात चार माणसं आहेत," आजी म्हणाल्या. मग त्यांनी वहीवर हात ठेवला. "आता घरात पाच माणसं आहेत."

"तिसरं बाळ झालं?"

"नाही."

"मग पाचवं कोण? आई राहायला आली?"

आजींनी वही कापडात गुंडाळली. "आज पुरे, बाई," त्या इंग्रजीत म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्यानंतर चार दिवस शिकवणी झाली नाही. डोकं दुखतंय, असं सून सांगायची. चौथ्या दिवशी कुंपणापाशी ती हलक्या आवाजात म्हणाली, "तुम्हाला माहीत असेलच. पूर्वी आमच्या पंथात पुरुष एकाहून जास्त लग्नं करत. आता ते कधीच बंद झालंय, मनाई आहे. पण बाहेरचे लोक आमच्याबद्दल पहिलं तेच विचारतात आणि हसतात. आईंना ते बोलणं जड जातं."

मी घरात येऊन बसले. हसण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. मी गवती चहा उकळला आणि घेऊन गेले. आजी व्हरांड्यावरच होत्या. मी कप त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "आजी, आज मी सांगते, तुम्ही ऐका. मला दोन आया होत्या."

त्यांना वाटलं, मी व्याकरण चुकले.

मी आंदर मावळातली. वडिलांची भातशेती, चार जनावरं. पहिल्या बायकोला आठ वर्षं मूल झालं नाही म्हणून त्यांनी दुसरी केली. कायद्यानं तेव्हाही बंदी होती, पण आमच्या गावात तेव्हा एसटीसुद्धा येत नव्हती, कायदा कसा येणार. दुसरी ती माझी आई. आम्ही तिघं भावंडं तिच्या पोटची, पण पहिलीला मोठी आई म्हणायचो आणि निजायचो तिच्याजवळ. सगळ्याच मुलांना दोन आया असतात असं मला बरीच वर्षं वाटायचं. शिकायला तळेगावला गेले तेव्हा फॉर्मवर आईचं नाव लिहायचं होतं. मी दोघींची लिहिली. कारकुनानं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि एक खोडलं. कोणतं खोडलं, ते मला बराच वेळ बघवलं नाही.

आजी ऐकत होत्या. गवती चहा गार झाला.

"मोठी आई आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे. आई गेली, वडील गेले. मोठी आई आहे. माझ्या भावाजवळ असते."

"मी भेटते," त्या म्हणाल्या.

दिवाळीनंतर, कापणी उरकल्यावर आम्ही निघालो. कान्हे फाट्यावरून टाकव्याकडे वळलो आणि पुढे तिकडच्या धरणाच्या कडेकडेनं. गाडी शेवटच्या फरशी पुलापाशी थांबली, कारण पुढचा रस्ता पावसानं नेला होता. अर्धा तास पायी जायचं होतं. मी म्हटलं, भावाला फोन करते, तो मोटरसायकल आणेल. आजींनी काठी उचलली आणि त्या चालायला लागल्या.

खाचरं रिकामी झाली होती. कापलेल्या भाताचा वास सगळीकडे पसरला होता आणि दूरवर कुठेतरी मळणी चालू होती. उन्हात अजून सकाळचा धूसरपणा होता. बांधावरून पुढे चाललेल्या आजी मला मागून अर्धवट दिसत होत्या. त्यांचा लांब झगा गवताला घासत होता. मी ज्या वाटेनं लहानपणी हजारदा गेले त्या वाटेवर कुणीतरी फार लांबून चालत आलंय, असं मला वाटत राहिलं. कुठून ते मला नीट सांगता आलं नसतं. आजही मला कधीकधी शंका येते, की त्या वेळी आम्ही दोघी एकमेकींशी काही बोलत होतो की नव्हतो.

मोठी आई अंगणात उन्हात बसून पावटे निवडत होती. सत्त्याऐंशी वर्षांची, पाठीत वाकलेली, नजर मात्र पक्की. तिनं आजींना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"लय उंच हाय बाई," ती म्हणाली. मग आत बघून, "च्या टाका गं."

"त्यांना चहा चालत नाही," मी म्हटलं.

"मंग काय पेती ती?"

शेवटी पेज आली, नव्या तांदळाची, वर मिठाचा खडा. आजी वाटी दोन्ही हातांत धरून सगळी पेज प्यायल्या. मोठ्या आईनं ते बघितलं आणि सूप थोडं बाजूला सरकवून आजींना जागा करून दिली. आजी जमिनीवर बसल्या. खाली बसायला त्यांना वेळ लागला. मग दोघी पावटे निवडायला लागल्या.

आजींनी गाडीत बसल्यापासून एक वाक्य घोकून ठेवलं होतं. हातातला पावटा खाली ठेवून त्यांनी ते म्हटलं.

"दुसरी बायको येते. तुम्हाला राग येतो?"

मी कानकोंडी झाले. असं मी स्वतः कधी विचारलं नव्हतं, साठ वर्षांत.

मोठी आई जराही चपापली नाही. "'येतो' न्हाई," ती म्हणाली, "आलता."

"आलता," आजी म्हणाल्या.

"व्हय. लय आलता. ती आली त्या दिशी मी धुणं घिऊन वढ्यावर गेलते. धुणं झालं तरी उठले न्हाई. ऊन कलंडलं. म्हटलं, हितूनच म्हायेरला निघावं. पर तितं कोण व्हतं माझं? आयबाप गेल्यालं. मंग आले घरी. तर ही पोर चुलीम्होरं पिठाच्या हातानं बसल्या जागी झोपल्याली. तव्यावर भाकर करपाय लागलेली. सोळा वर्साची पोर. तिला काय म्हनायचं?"

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. भाकर उलटली."

तिनं चार पावटे निवडले, एक किडका टाकला.

"राग लगीच गेला असं न्हाई. लय वर्सं व्हता. भात लावाय दोघी एका वळीत असायचो. बोलायचो न्हाई. हात चालायचे बरुबर. मंग ही व्हायची व्हती." तिनं माझ्याकडे मान हलवली. "पाऊस कोसळत व्हता, सुईन पल्याडच्या वाडीत. तिनं माझा हात धरला, तो सकाळपातूर सोडला न्हाई. हितं वळ उठले व्हते." तिनं मनगट पुढे केलं, जसे काही ते वळ अजून तिथे असावेत. "त्याच्या म्होरं राग आला तरी कामापुरता यायचा."

आजी तिच्या मनगटाकडे बघत राहिल्या. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि इंग्रजीत बोलायला लागल्या, भरभर, इतके दिवस मराठीत न मावलेलं सगळं. मी थोडं थोडं मोठ्या आईला सांगत गेले.

पाचवं माणूस म्हणजे अर्थात दुसरी बायको. बोटीवर आईबाप गेलेली एक इंग्रज मुलगी, त्या खोऱ्यात कुणाच्या तरी घरी कामाला राहिलेली. तिला एक मुलगा झाला, आणि दुसऱ्या बाळंतपणात ती गेली. पणजीनं, म्हणजे गाडी ओढत आलेल्या त्या डॅनिश बाईनं, तिची दोन्ही मुलं आपल्या दोघांबरोबर वाढवली. त्यातला मुलगा म्हणजे आजींचे आजोबा.

"म्हणजे माझी पणजी माझी नाहीच," आजी म्हणाल्या. "लहानपणी आमच्याकडे उन्हाळ्यात मुलांना जुने कपडे घालून तशा गाड्या ओढायला लावतात, पूर्वजांची आठवण म्हणून. मी नेहमी सगळ्यांच्या पुढे असायचे. माझी पणजी चालली होती ना. साठ वर्षांची झाले तेव्हा एका चुलत भावाला जुने कागद सापडले. ज्या बाईचं रक्त माझ्यात आहे ती दुसरीच. आणि वहीत तिचं नाव नाही. सगळ्या वहीत तिच्यावर दोन वाक्यं आहेत. ती आली. ती गेली."

मी हे सांगून संपवलं. मोठी आई पावटे निवडतच होती. वाऱ्यानं सुपातलं फोलपट थोडं उडालं.

"ही पोर माजीच हाय," ती मला दाखवून म्हणाली. "आन तिची बी हाय. त्यात कुणाचं कमी झालं?"

आजींना कळलं. मी सांगायच्या आधीच त्यांनी मान हलवली.

"पर नाव का न्हाई घातलं?"

"माहीत नाही," आजी म्हणाल्या.

"राग असंल. न्हाईतर लिवनारीला लाज वाटली असंल." मोठ्या आईनं सूप मांडीवर ओढलं. "तुमी घाला की."

निघताना तिनं आजींच्या पदरात, म्हणजे त्यांना पदर नव्हता म्हणून झग्याच्या ओच्यात, दोन मुठी पावटे घातले. परतीच्या वाटेवर आजी ते तसेच धरून चालल्या. एका हातात काठी, एका हातात ओचा. गाडीपाशी आल्यावर म्हणाल्या, "आलता. बाई, हे मला शिकवा."

मग मी त्यांना भूतकाळ शिकवला. तो हिवाळा त्यातच गेला. आली, आला, आलं. गेली, गेला, गेलं. एक दिवस त्या स्वतःच मागे गेल्या आणि वही पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागल्या. ती चौदा वर्षांची होती. बाबा जाळी विणायचे. पिसं उडाली. पहिल्यांदा सांगताना जे सगळं धुक्याच्या पलीकडे चाललेलं वाटायचं, ते आता संपून गेलेलं, शांत वाटायला लागलं. दोन्हींत मला कोणतं जास्त आवडलं, मी ठरवू शकत नाही.

पुढचंही सांगितलं. सरकारनं अशा लग्नांवर बंदी आणून जुन्या लग्नांबद्दलही लोकांना धरायला सुरुवात केली तेव्हा नवरा काही महिने लपून राहिला, काही महिने तुरुंगात होता. चार मुलं आणि पाट पणजीनं सांभाळला. दुसरी गेल्यावर ती सुईणीचं काम शिकली होती. का शिकली ते तिनं कधी सांगितलं नाही, नुसतं शिकली. त्या खोऱ्यातली कितीतरी मुलं तिच्या हातावर जन्मली. म्हातारपणी तिच्या परसात पीचची झाडं होती आणि पाट फुटायचा थांबला होता. एका दुपारी ती झाडाखालच्या खुर्चीत डोळे मिटून बसली ती बसली.

"ती थकली होती," आजी म्हणाल्या. वाक्य अगदी बरोबर होतं.

दुसऱ्या मार्चमध्ये मुलाचं काम ठरल्याहून आधीच संपलं. सामान बांधलं, मुलांनी गल्लीतल्या सगळ्यांना मिठ्या मारल्या. आजी माझ्यापाशी आल्या आणि त्यांनी माझा हात बराच वेळ धरला. बोलायला लागलो तर कोणत्या भाषेत बोलायचं तेच ठरेना. टॅक्सी वळणावरून गेल्यावर मी तिथेच उभी राहिले. कुणीतरी हाक मारली असं वाटून आत वळले तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं.

बंगला आता शनिवार-रविवारच्या पर्यटकांना देतात. रात्री मोठ्यानं गाणी, सोमवारी सकाळी रिकाम्या बाटल्या. मधल्या दिवसांत मात्र व्हरांडा रिकामा असतो आणि मी फटीतून जाऊन तिथल्या पायरीवर बसते. कुणी हरकत घेत नाही.

आजींची पत्रं मोबाइलवर येत राहिली, मराठीत, हळूहळू टाइप केलेली. त्या आपल्या मुलीकडे राहायला गेल्या होत्या, पणजीच्या त्या खोऱ्यापासून दोन तासांवर. उन्हाळ्यात त्यांनी लिहिलं की त्या आणि त्यांची नात गावातल्या दफनभूमीत तीन दिवस त्या इंग्रज मुलीची कबर शोधत होत्या. जुन्या नकाशावरून जागा सापडली. पणजी आणि तिच्या नवऱ्याच्या दगडापासून दहा पावलांवर, कुंपणाजवळ, नुसतं गवत होतं. भाऊबंदांना विचारलं. दोघं-तिघं म्हणाले, कशाला आता. बाकीचे हो म्हणाले. शरदात तिथे दगड बसवला. त्यावर तिचं नाव कोरलं, तिच्या गावाचं नाव, आणि खाली पणजीच्या मुलांबरोबर तिच्या दोन मुलांची नावं. वहीतही आजींनी आपल्या हातानं एक पान जोडलं होतं.

दगडाचा फोटो आला तेव्हा मी माहेरी गेले. आता रस्ता नीट झालाय, एसटी दारापर्यंत जाते. मोठी आई अंथरुणाला खिळली होती पण शुद्धीत होती. मी तिला उठवून बसवलं आणि मोबाइल तिच्या डोळ्यांपुढे धरला. तिला वाचता येत नाही. तरी ती तो दगड बराच वेळ बघत राहिली, मागची तांबडी टेकडी, कोरडं गवत, बाजूला काठी घेऊन उभ्या असलेल्या आजी.

"बसवला तर," ती म्हणाली.

"बसवला."

"तितं पाऊस किती असतो गं?"

"फार नाही. आपल्यासारखा नाही."

"मंग अक्षरं टिकतील," ती म्हणाली आणि पाठीला उशी नीट लावायला सांगून पडली. थोड्या वेळानं तिला पेज हवी होती. मी उठून चुलीकडे गेले.